गाय बसली, सुई टोचली. पण टोचणाऱ्याचे नाव नोंदवहीत आहे का?

पत्र

आमचा सहा संकरित गाईंचा गोठा आहे. अकरा दिवसांपूर्वी तिसऱ्या वेताची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेचना. कान गार पडले होते, मान पोटाकडे वळवून बसली होती. गावात पंधरा वर्षं जनावरं बघणाऱ्या ‘डॉक्टरां’ना बोलावलं. त्यांनी मानेच्या शिरेत कॅल्शियमची बाटली लावली आणि सासऱ्यांना ती डोक्याच्या वर धरायला सांगितली. दोन-तीन मिनिटांत बाटली संपली. गाय एकदम हंबरली, पाय ताणले आणि गेली. बाराशे रुपये मोबाईलवरून दिले. त्याच दिवशी गाय पुरली, शवविच्छेदन केलं नाही. कानातला बिल्ला काढून ठेवलाय.

नंतर कळलं, हे गृहस्थ आधी दूध संघात कृत्रिम रेतनाचं काम करायचे, कसलासा डिप्लोमा झालाय म्हणे. विम्यासाठी दाखला मागितला तर म्हणाले, “माझा मित्र डॉक्टर आहे, त्याची सही-शिक्का आणून देतो, पाचशे लागतील.” सासरे म्हणतात गावात वैर नको. हे खरे डॉक्टर आहेत का हे कसं कळणार? तक्रार कुठे करायची? दाखला घेऊ का? आणि माझ्या भाच्याला पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून स्वतःचा दवाखाना टाकायचाय, ते चालेल का?

– एक दूध उत्पादक

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी दाखल्याचे बोलू, कारण त्याला उशीर चालणार नाही. तो दाखला घेऊ नका. ज्या पशुवैद्यकाने तुमची गाय जिवंत पाहिली नाही, मेल्यावरही पाहिली नाही, त्याने ‘मी तपासले’ असे लिहून दिले तर ते खोटे आहे. ते कागद तुम्ही दावा-अर्जाला जोडले की विमा कंपनीची फसवणूक करणाऱ्यांत तुमचे नाव पहिले लागते, कारण अर्जावर सही तुमची असते. कंपनीचा माणूस चौकशीला आला आणि त्याने शेजारी विचारले की कोण आले होते, किती वाजता आले होते, तर पाच मिनिटांत सगळे उघडे पडेल. शिवाय ज्याच्याविरुद्ध तुम्हाला तक्रार करायची आहे, त्याच्याच हातून आणलेला खोटा कागद तुमच्या फायलीत राहील. मग तो तुम्हालाच म्हणेल, “तक्रार करा, मी दाखल्याचे सांगतो.”

त्याऐवजी आजच विमा कंपनीला लेखी कळवा. गाय कोणत्या तारखेला व्याली, कधी बसली, उपचार कोणी केला, कधी मेली, कुठे पुरली आणि शवविच्छेदन झाले नाही, हे आहे तसे लिहा. सोबत बिल्ल्याचा फोटो, मेलेल्या गाईचा एखादा फोटो घरात कुणाच्या मोबाईलमध्ये असेल तर तो, आणि दूध संस्थेचा उतारा जोडा. सरपंच किंवा पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांच्या सह्यांचा पंचनामा करून घ्या. बिल्ला हरवू देऊ नका. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ ही विमा कंपन्यांची जुनी भूमिका आहे. शवविच्छेदनाचा अहवाल नसल्याने कंपनी दावा फेटाळू शकते, हे आत्ताच मनाशी धरून चला. पण उशिराने दिलेल्या खऱ्या माहितीवर भांडता येते. खोट्या दाखल्यानंतर भांडायला जागाच उरत नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवून घेतल्याशिवाय तक्रार उभी राहणार नाही. एक, या माणसाला शिरेतून औषध देण्याचा अधिकार होता का? दोन, गाय त्या कॅल्शियमनेच मेली का? पहिल्याचे उत्तर कागदावर मिळते आणि त्याला कुणी नाकारू शकत नाही. दुसऱ्याचे उत्तर अकरा दिवसांनी जवळजवळ हातातून गेले आहे.

दुसरा प्रश्न आधी निकालात काढू. तुम्ही सांगता ती लक्षणे, म्हणजे व्याल्यावर दिवसभरात बसणे, गार कान, पोटाकडे वळलेली मान, ही दुग्धज्वराची, म्हणजे व्याल्यावर रक्तातले कॅल्शियम घटल्याने होणाऱ्या आजाराची, नेहमीची लक्षणे आहेत आणि कॅल्शियम हेच त्यावरचे औषध आहे. म्हणजे औषध बहुधा चुकीचे नव्हते. घात होतो तो वेगाने. हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावायला कॅल्शियम लागते, पण रक्तात ते एकदम वाढले की ठोके विस्कळीत होतात आणि हृदय थांबते. म्हणून साडेचारशे मिलीची बाटली शरीराच्या तापमानाइतकी कोमट करून, निदान दहा-पंधरा मिनिटे घेऊन द्यायची असते. दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके ऐकत राहायचे आणि ते अडखळले की बाटली खाली घेऊन धार थांबवायची. बाटली जितकी उंच तितकी धार जोरात, एवढे साधे गणित आहे. सासऱ्यांना ‘डोक्याच्या वर धरा’ सांगणे आणि हृदय न ऐकणे, चूक झाली असेल तर ती इथे झाली.

पण हेही खरे की दगडीचे, म्हणजे कासेच्या सुजेचे, विष अंगात भिनलेली गायही अशीच बसते, आणि अशा गाईला नीट दिलेले कॅल्शियमसुद्धा कधी कधी झेपत नाही. चांगल्या, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हातूनही गाय जाते. तुमच्या गाईला नेमके काय झाले होते, हे शवविच्छेदनाने आणि त्या दिवशी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्याने कदाचित कळले असते. गाईगुरांचे शव पोटातल्या वायूमुळे काही तासांतच फुगते आणि सडू लागते. आता खड्डा उकरून हृदयाबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. त्या वाटेला पैसे घालू नका.

तर मग पहिला प्रश्न. आपल्याकडे याचा कायदा आहे, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. दिल्लीत भारतीय पशुवैद्यक परिषद आहे आणि आपल्या राज्यासाठी नागपूरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आहे. राज्य परिषदेकडे एक नोंदवही असते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी घेतली की त्या नोंदवहीत नाव घालून क्रमांक घ्यावा लागतो आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. नुसती पदवी भिंतीवर टांगून व्यवसाय करता येत नाही. पदवी विद्यापीठ देते, परवानगी नोंदवही देते.

कायद्याचे कलम ३० तुम्ही लक्षात ठेवा, कारण प्रत्येक अर्जात ते लिहायचे आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कुणालाही चार गोष्टी करता येत नाहीत: सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या पशुवैद्यकाचे पद धारण करणे, पशुवैद्यकीय व्यवसाय करणे, कायद्याने लागणाऱ्या पशुवैद्यकीय दाखल्यावर सही करणे, आणि न्यायालयात पशुवैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे. गाय तपासून निदान करणे, शिरेतून औषध सोडणे आणि त्याचे पैसे घेणे हा व्यवसायच झाला.

याच कलमात डिप्लोमावाल्यांसाठी एक खिडकी ठेवली आहे, आणि गावोगावचा सगळा घोळ या खिडकीतून आत येतो. पशुसंवर्धनाची पदविका किंवा प्रमाणपत्र असणाऱ्यांना राज्य सरकार ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही कायद्यातच दिलेली उदाहरणे आहेत. शिवाय राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून प्राथमिक उपचारांची यादी वाढवू शकते. पण हे सगळे नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सूचनेनुसार. लोक सोयीने पहिला अर्धा भाग सांगतात, “सरकारने आम्हाला परवानगी दिली आहे.” देखरेखीचे नाव काढत नाहीत. म्हणून त्यांना विचारायचा प्रश्न ‘तुमचा डिप्लोमा आहे का’ हा नाही. ‘तुम्ही कोणत्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करता, त्यांचे नाव आणि क्रमांक द्या’ हा आहे. त्या पहाटे कुणाला फोन करून विचारले होते का, हेही विचारा.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. राज्यातल्या कित्येक छोट्या सरकारी पशुदवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक आणि सहायक पशुधन विकास अधिकारी, म्हणजे डिप्लोमावालेच, बसत आले आहेत, आणि लसीकरणाचा मोठा भार तेच उचलतात. त्यातले कित्येक अतिशय हुशार हाताचे आहेत. कृत्रिम रेतन करणारे सेवादातेही गावाची गरज आहेत. रेतनाचे प्रशिक्षण मात्र रेतनापुरतेच असते. त्यातून दगडीवर उपचार करण्याचा किंवा शिरेतून औषध देण्याचा अधिकार येत नाही. तक्रार लिहिताना ‘डिप्लोमावाले सगळे भोंदू’ असा सूर लावू नका. तुमची तक्रार एका माणसाने मर्यादा ओलांडल्याची आहे.

आता खात्री कशी करायची. पहिला रस्ता सरळ आहे. राज्य परिषदेच्या निबंधकांना नाव, गाव आणि असेल तर क्रमांक लिहून विचारा की ही व्यक्ती नोंदवहीत आहे का आणि नोंदणी चालू आहे का. उत्तर आले नाही, किंवा लेखी पुरावाच हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. लोक इथेच चुकतात, सगळी कहाणी लिहितात आणि अर्ज परत येतो. गाय मेल्याचे त्यात लिहूच नका. एवढेच लिहा:

“श्री. (पूर्ण नाव), रा. (गाव, तालुका, जिल्हा) या नावाची व्यक्ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत दिनांक (गाय मेली तो दिवस) रोजी नोंदणीकृत होती काय? असल्यास नोंदणी क्रमांक, नोंदणीचा दिनांक व नूतनीकरणाची मुदत कळवावी. नसल्यास तसे लेखी कळवावे.”

‘त्या दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोंदणी होती पण मुदत संपली होती, किंवा घटनेनंतर घाईने काही केले, अशा पळवाटा त्याने बंद होतात. आणि पूर्ण नाव अचूक घाला. गावात ज्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात त्यांचे आधार कार्डावरचे नाव अनेकांना ठाऊक नसते. तुम्ही मोबाईलवरून पैसे दिलेत ना? त्या व्यवहारात खात्यावरचे नाव दिसते. तिथून घ्या.

हे उत्तर येईपर्यंत पुरावा जपा. कॅल्शियमची रिकामी बाटली अजून गोठ्याच्या मागे पडली असेल तर उचलून पिशवीत ठेवा. तिच्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत यांचा फोटो काढा. बाराशे रुपयांच्या व्यवहाराची पावती, त्या पहाटेच्या फोन कॉलची यादी, “मित्राची सही आणून देतो” हे जर व्हॉट्सॲपवर बोलले असतील तर तो संदेश, हे सगळे दुसऱ्या एका मोबाईलमध्येही उतरवून ठेवा. सासऱ्यांनी बाटली धरली होती, म्हणजे ते प्रत्यक्षदर्शी आहेत. त्यांना वैर नको हे समजते, पण त्यांनी काय पाहिले ते आजच तारखेसह लिहून सही करून ठेवले तर त्याने वैर होत नाही. चार महिन्यांनी दोन मिनिटे होती की दहा, हे आठवणार नाही.

नोंदवहीत नाव नाही असे उत्तर आले तर तक्रार तीन ठिकाणी द्यायची. परिषदेला द्याच, पण परिषद त्याला शिक्षा करेल अशी आशा धरू नका. परिषदेचा शिस्तीचा दंडुका तिच्या नोंदवहीतल्या माणसावर चालतो. जो नोंदवहीतच नाही त्याचे नाव ती काढणार कुठून? दुसरा अर्ज जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे, एक प्रत तालुक्याच्या पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना. विनानोंदणी व्यवसायाची चौकशी करून पुढची कारवाई सुरू करण्यात या कार्यालयाचा अहवाल कामी येतो. तिसरा पोलीस ठाण्यात. तिथे पोलीस सहसा म्हणतात, “जनावराचे प्रकरण आहे, दिवाणीत जा.” मग कलम ३० सोबत भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८, म्हणजे फसवणूक, आणि कलम ३१९, म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक, यांचा उल्लेख करा. स्वतः डॉक्टर नसताना डॉक्टर असल्याचे भासवून पैसे घेतले, हा त्यातला गाभा. कलम ३२५ हे जनावर मारण्याबद्दलचे आहे आणि पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे म्हणून लोकांना ते लिहावेसे वाटते. ते टाळा. त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते, आणि गाय वाचवायला आलेल्या माणसाविरुद्ध ते टिकणे कठीण आहे. एक फुगवलेले कलम बाकीची खरी कलमेही हलकी करते. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच समजले जाते.

नोंदवहीत नाव निघाले तर चित्र बदलते. मग तो पशुवैद्यक आहे आणि तक्रार निष्काळजीपणाची आहे. पशुवैद्यकांच्या वर्तनाचे नियम १९९२ साली केंद्रीय परिषदेने केले आहेत. त्यांचा भंग झाला असे चौकशीत दिसले तर राज्य परिषद दोन्ही बाजू ऐकून नाव काढण्यापर्यंत जाऊ शकते. आणि तो सही-शिक्का देणारा मित्र? तो खरोखर नोंदणीकृत असेल, तर माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर तक्रार त्याच्याविरुद्धची आहे. न पाहिलेल्या जनावराचा दाखला विकणारा आणि अपात्र माणसाला आपले नाव वापरू देणारा डॉक्टर नसता, तर गावातले असले धंदे चाललेच नसते. त्याच्यावर परिषदेचा अधिकार पूर्ण चालतो. त्याचे नाव तुम्हाला कळले असेल तर स्वतंत्र अर्ज करा, दोन्ही तक्रारी एकाच कागदावर मिसळू नका.

पैशाची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. इथे गाईची किंमत आणि बुडालेले दूध मागता येते, पण आकडा सिद्ध करावा लागतो. खरेदीची पावती किंवा त्या काळातल्या बाजाराची पावती, आणि दूध संस्थेच्या आधीच्या वेताच्या नोंदी काढून ठेवा. गाय त्या उपचारानेच मेली हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तिथे शवविच्छेदन नसल्याची उणीव आडवी येईल. ‘अधिकार नसताना उपचार केला’ हे परिषदेच्या पत्राने सिद्ध झाले, तर निदान सेवेतली त्रुटी दाखवायला मोठा आधार मिळतो. म्हणून माहिती अधिकाराचे उत्तर हातात आल्याखेरीज आयोगात जाऊ नका. विमा कंपनीने कारण न देता दावा फेटाळला तर तिच्याविरुद्धही याच आयोगात जाता येते.

आता गोठ्यातल्या उरलेल्या पाच गाईंकडे या. पंधरा वर्षे हेच गृहस्थ येत असतील तर तुमच्या फळीवर त्यांनी दिलेल्या अर्ध्या बाटल्या असणार. एकेक काढून बघा. जनावरांच्या औषधावर ‘मानवी वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आणि जनावराच्या डोक्याचे चित्र असते. ते नसेल तर ते माणसाचे औषध आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिसले तर बाजूला काढा. ते जनावरांत वापरायला २००६ पासूनच बंदी आहे, कारण हे औषध दिलेले मृत जनावर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांचा जनावरांतला वापरही २०२३ मध्ये बंद झाला. कोलिस्टिन हे प्रतिजैविक दुधा-मांसाच्या जनावरांत २०१९ पासून बंद आहे. यातले काही तुमच्या गोठ्यात वापरले जात असेल तर ते औषध कोणत्या दुकानातून आले हेही पाहा. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, जनावराच्या मालकाचे नाव-पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि डोस लागतो. नोंदणी नसलेल्या माणसाच्या चिठोऱ्यावर प्रतिजैविके देणारा दुकानदारही जबाबदार आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे होते.

दुधाचेही सांगायला हवे. प्रत्येक बाटलीवर ‘इतके दिवस दूध वापरू नये’ असा काळ दिलेला असतो. दिलेला नसेल तर नियमाप्रमाणे दूध आणि अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरायचे. नोंदणी नसलेले लोक हे सहसा सांगत नाहीत. सांगितले तर तुम्ही आठवडाभर दूध घालणार नाही आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवाल, हा हिशोब त्यामागे असतो.

पुढच्या वेळी गाय बसली तर १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या गाडीत पशुवैद्यक, एक सहायक आणि चालक असतो. गाईच्या कानातला बारा आकडी बिल्ल्याचा क्रमांक सांगायला हाताशी ठेवा. डॉक्टर येईपर्यंत गाईला कुशीवर पडू देऊ नका. तिला छातीवर बसती ठेवून दोन्ही बाजूंनी पेंढ्याची पोती लावा, काही तासांनी कूस बदला. तोंडाने काढा, गुळाचे पाणी, तेल काहीही पाजू नका. दुग्धज्वरात गिळण्याची ताकद गेलेली असते, पाजलेले सरळ फुफ्फुसात जाते आणि गाय दुग्धज्वरातून उठली तरी न्यूमोनियाने जाते. कास पूर्ण रिकामी करू नका. आणि गाय दगावलीच, तर पुरण्याआधी पहिला फोन सरकारी दवाखान्याला. नाका-तोंडातून किंवा शेणाच्या वाटेने न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर मात्र शव कापू देऊ नका. ती फाशी, म्हणजे काळपुळी असू शकते, आणि उघड्यावर कापलेल्या शवातून तिचे जंतू वर्षानुवर्षे मातीत राहतात. अशा वेळी डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात.

भाच्याबद्दल. डिप्लोमा करायला हरकत नाही, नोकरीच्या वाटा आहेत. पण त्यावर स्वतंत्र दवाखाना टाकता येणार नाही आणि पाटीवर ‘डॉ.’ लावता येणार नाही. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, अधिसूचनेतल्या यादीपुरतेच काम करता येईल. पाटीवर त्या पशुवैद्यकाचे नाव आणि क्रमांक असला तरी ते डॉक्टर प्रत्यक्ष येत नसतील तर ती पाटी दोघांनाही अडचणीत आणेल. दवाखानाच टाकायचा असेल तर बारावीला विज्ञान घेऊन भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र करायचे, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची, आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रवेशाला अर्ज करायचा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे या विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे लागतात. इंटर्नशिप संपली की लगेच परिषदेत नाव घालायचे. मधल्या काळात गावाकडे येऊन ‘जरा बघ रे गाय’ म्हणून केलेला उपचारही कायद्याच्या बाहेरच असतो, हे त्याला आत्ताच सांगा.

सासऱ्यांच्या वैराच्या भीतीवर एक उपाय आहे. यापुढे कुणीही डॉक्टर गोठ्यात आला की संशय घेतल्यासारखे विचारू नका. “साहेब, विमा कंपनी चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक मागते, तेवढा लिहून द्या,” एवढेच म्हणा. ज्याच्याकडे क्रमांक आहे तो लिहिता लिहिताच पुढचे बोलतो.